सूक्ष्म कवचांची साक्ष

भंडारा जिल्हा धानासाठी आणि तलावांसाठी प्रसिद्ध आहे. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर धानाच्या बांध्या दूरवर पसरलेल्या दिसतात आणि गावोगावचे जुने मालगुजारी तलाव ह्या बांध्यांना पाणी पुरवितात. परंतु ह्या सुपीक मातीखाली दडलेला खडक मात्र तलावांहून, शेतीहून, किंबहुना मानवजातीहूनही फार प्राचीन आहे. जिल्ह्याच्या उत्तर भागात, तुमसर तालुक्यात, डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी असून तेथील खनिज विजेरीत घालावयाचे कोरडे घट तयार करण्याच्या कामी येते. अशा खाणीच्या काठावरून खाली पाहिले म्हणजे निरनिराळ्या रंगांच्या खडकांचे पट्टे दिसतात आणि पाहणाऱ्याच्या मनात सहज प्रश्न उभा राहतो : हा दगड केव्हाचा असेल? त्याचे वय कोणी आणि कसे सांगावे?

मनुष्याच्या जन्माची नोंद दप्तरात असते. झाडाचे वय त्याच्या खोडातील वलयांवरून कळते. खडकांच्या बाबतीत शास्त्रज्ञांना पुष्कळ साधनांचा उपयोग करावा लागतो. त्यांपैकी एक साधन मोठे नवलाचे आहे. ते म्हणजे समुद्रात राहणाऱ्या, खसखशीच्या दाण्याहूनही लहान अशा जीवांची दगड होऊन राहिलेली कवचे! प्राचीन काळातील प्राण्यांचे व वनस्पतींचे जे अवशेष खडकात टिकून राहतात, त्यांस जीवाश्म असे म्हणतात. ही कवचे सूक्ष्म जीवाश्म होत.

त्यांची साक्ष समजून घेण्यापूर्वी एक साधा नियम ध्यानात घेतला पाहिजे. पुराचे पाणी ओसरले म्हणजे शेतात गाळाचा एक थर राहतो. पुढील वर्षी पूर आला की त्या थरावर दुसरा थर बसतो. तलावांच्या व समुद्रांच्या तळाशी असेच थर युगानुयुगे साचत जातात आणि भाराने दबून त्यांचा खडक बनतो. म्हणून थरांची उलथापालथ झालेली नसेल तर खालचा थर आधीचा आणि वरचा थर नंतरचा असला पाहिजे. ही गोष्ट निकोलस स्टेनो ह्या विद्वानाने १६६९ मध्ये स्पष्टपणे मांडली.

एकाच टेकडीतील थरांचा क्रम लावण्यास हा नियम पुरेसा आहे. परंतु नागपूरजवळच्या टेकडीतील एक थर आणि इटलीतील डोंगरातील एक थर ह्यांत वडील कोणता व धाकटा कोणता, हे त्यावरून कळत नाही. ते दोन थर एकमेकांवर कधीच बसलेले नाहीत. त्यांची तुलना करण्यासाठी दोन्ही ठिकाणी सापडेल अशी एखादी समान खूण हवी.

अशी खूण कशी असावी हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका गावात जुन्या घराचा पाया खणताना मातीच्या एका थरात ‘नया पैसा’ असे अक्षर कोरलेले नाणे सापडले. भारतात दशमान नाणी १९५७ मध्ये सुरू झाली आणि ‘नया’ हा शब्द त्यांवर अवघी सहा-सात वर्षेच छापला गेला. त्यामुळे तो थर १९५७ च्या आधीचा असणे शक्य नाही, हे तत्काळ सिद्ध होते. तेच नाणे कोकणातील एखाद्या पायात सापडले, तर तेथेही हेच अनुमान निघेल. त्याच पायात दगडी पाटा सापडला तर मात्र त्यावरून काळ ठरविता येणार नाही. कारण पाट्याचा आकार पिढ्यान् पिढ्या बदललेला नाही. म्हणजे काळ सांगणाऱ्या वस्तूच्या अंगी चार गुण असावे लागतात. ती थोडा काळच प्रचारात असावी, दूरवर पसरलेली असावी, विपुल असावी आणि पाहताक्षणी ओळखू यावी.

जीवाश्मांच्या अंगी हे गुण असू शकतात, हे इंग्लंडमधील विल्यम स्मिथ ह्या भूमापकाने प्रथम पुरतेपणी ओळखले. कालव्यांच्या खोदकामावर देखरेख करताना त्याला असे दिसून आले, की प्रत्येक थरात विशिष्ट प्रकारचे जीवाश्म आढळतात आणि त्यांचा क्रम सर्वत्र सारखाच असतो. ह्या ज्ञानाच्या आधारे त्याने इंग्लंडच्या खडकांचा मोठा नकाशा तयार केला व तो १८१५ मध्ये प्रसिद्ध केला. जीवसृष्टी काळाबरोबर बदलत जाते. एकदा नष्ट झालेली जात पुन्हा उत्पन्न होत नाही. म्हणून प्रत्येक जात ही काळाने पाडलेले एक नाणेच होय.

ह्या नाण्यांत अत्यंत उपयोगी ठरलेला एक वर्ग म्हणजे फोरॅमिनीफेरा. ह्या नावाचा अर्थ छिद्र धारण करणारे असा आहे. हे जीव एकपेशीय असतात. म्हणजे त्यांचे सारे शरीर एकाच पेशीचे बनलेले असते. तरीही ह्यांतील पुष्कळसे जीव समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन आपल्याभोवती सुबक कवच बांधतात. कवचाला एकामागून एक कप्पे असतात. काहींचे कप्पे गोगलगायीच्या शंखासारखे वळत जातात, काहींचे द्राक्षांच्या घोसासारखे एकत्र जुळलेले असतात, तर काहींचे वेणीच्या पेडांप्रमाणे दोन ओळींत मांडलेले असतात. बहुतेक कवचे एक मिलिमीटरहून लहान असतात. हे जीव आजही समुद्रात विपुल आहेत. काही तळाशी राहतात, तर काही पाण्याच्या वरच्या भागात तरंगत असतात. मेल्यावर त्यांची कवचे पावसाच्या बारीक सरींप्रमाणे तळाकडे जात राहतात व तेथील गाळात मिसळतात.

तरंगणाऱ्या जाती काळ मोजण्याच्या कामी विशेष उपयोगी पडतात. समुद्राचे प्रवाह त्यांना एका खंडाच्या किनाऱ्यापासून दुसऱ्या खंडाच्या किनाऱ्यापर्यंत वाहून नेतात. त्यामुळे एकच जात जवळजवळ एकाच काळी दूरदूरच्या समुद्रांत नांदते. ह्या जाती भूशास्त्राच्या मानाने लवकर बदलतात आणि मूठभर गाळात त्यांची शेकडो कवचे असू शकतात. नाण्याचे चारही गुण त्यांच्या ठायी आहेत.

त्यांचे लहानपण हाही एक मोठा गुणच ठरला. खनिज तेलाच्या शोधासाठी जमिनीत खोल विवर पाडतात, तेव्हा यंत्राच्या दातांखाली खडकाचा चुरा होतो. मोठे शंख-शिंपले त्यात फुटून जातात. सूक्ष्म कवचे मात्र त्या चुऱ्यात अखंड राहतात. अमेरिकेतील टेक्सास प्रांतात तेल कंपन्यांच्या नोकरीत असलेल्या एस्थर ॲप्लिन ह्या तरुण स्त्रीने ही गोष्ट हेरली. फोरॅमिनीफेरांच्या साहाय्याने खोल खडकांचे वय ठरविता येईल, असे तिने १९२१ मध्ये विद्वानांच्या सभेत सांगितले. तेव्हा तिची थट्टा करण्यात आली. ती खचली नाही. ॲल्व्हा एलिसर आणि हेडविग निकर ह्या दोन सहकारिणींसह तिने काम पुढे चालविले आणि १९२५ मध्ये तिघींनी मिळून आपला अभ्यास प्रसिद्ध केला. ह्यानंतर ही पद्धती तेलशोधनात सर्वत्र रूढ झाली. थट्टेला त्यांनी शब्दांनी नव्हे, पुराव्याने उत्तर दिले.

आता भंडाऱ्याच्या खाणीकडे वळू. तेथील मँगनीज ज्या खडकांत सापडते, त्यांच्या समूहाला सौंसर समूह असे नाव आहे. सौंसर हे गाव मध्य प्रदेशात असून पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ पासून ते पांढुर्णा जिल्ह्यात आहे. ह्या समूहातील एका मँगनीजयुक्त खडकाला फर्मर ह्या भूशास्त्रज्ञाने येथील गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. हे खडक मूळचे पाण्याखाली साचलेल्या गाळाचेच आहेत. त्यांत संगमरवरही आढळतो, आणि संगमरवर म्हणजे उष्णता व दाब ह्यांनी पालटलेला चुनखडक. तेव्हा ज्या भूमीत आज धान डोलते, तेथे अतिप्राचीन काळी समुद्र होता असे म्हणावयास आधार आहे. मग त्या समुद्रातील सूक्ष्म कवचे शोधून ह्या खडकांचे वय का सांगू नये?

ह्याची कारणे दोन आहेत. पहिले असे, की हे खडक पृथ्वीच्या पोटात खोल दडपले गेले, तापले, दुमडले आणि त्यांतील कण न् कण नव्याने जुळला. अशा भट्टीत नाजूक कवच टिकणे शक्य नव्हते. दुसरे कारण ह्याहून मोठे आहे. हे खडक शंभर कोटी वर्षांच्या आसपासच्या किंवा त्याहूनही आधीच्या काळातले आहेत. कठीण कवचाचे प्राणी पृथ्वीवर विपुल झाले ते सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे भंडाऱ्याच्या त्या समुद्रात साक्ष देणारी कवचेच नव्हती. तेथे खडकातील किरणोत्सारी द्रव्यांचा आश्रय घ्यावा लागतो. ही द्रव्ये ठरलेल्या गतीने क्षय पावतात. किती द्रव्य उरले आणि त्यापासून किती नवे द्रव्य झाले, हे मोजून वय काढता येते. एक साक्षीदार नसेल तेथे दुसरा शोधावा लागतो.

भंडाऱ्याहून पश्चिमेस नागपूरकडे गेले की भूमीचे रूप पालटते. नागपूरच्या परिसरात काळ्या दगडाची कड लागते. सीताबर्डीची टेकडी ह्याच दगडाची आहे. ज्वालामुखीच्या उद्रेकांतून बाहेर पडलेला लाव्हा थिजून हा दगड बनला. ह्या लाव्हाच्या थरांना ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात. आज त्यांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. सह्याद्रीचे कडे, रायगड, सिंहगड, कळसूबाईचे शिखर, अजिंठा-वेरूळची लेणी ही सारी त्याच दगडात आहेत.

हा लाव्हा एका दमात आलेला नाही. एक पूर येऊन थिजला की मधल्या शांततेच्या काळात त्याच्यावर माती साचे, तळी बनत, झाडे उगवत आणि तळ्यांत गोगलगायी राहत. मग पुन्हा लाव्हा येऊन हे सारे झाकून टाकी. दोन लाव्हांच्या मध्ये सापडलेल्या अशा गाळाच्या थरांना आंतर-ट्रॅपी थर म्हणतात. नागपूर येथे राहणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर ह्यांनी १८५१ च्या सुमारास नागपूरजवळ टाकळी येथे अशा थरातील जीवाश्म गोळा केले. त्यांत गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख होते, तसेच फळे, बिया आणि लाकूडही होते. हिस्लॉप १८६३ मध्ये नदी ओलांडताना बुडून मरण पावले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आजही आहे.

हिस्लॉप ह्यांच्या संग्रहामुळे मध्य भारतातील प्राचीन तळ्यांचे चित्र जगापुढे आले. परंतु हे थर नेमके कोणत्या काळातले, ह्याविषयी पुढे दीर्घ काळ वाद राहिला. काहींना ते महाकाय सरीसृपांच्या युगाच्या अखेरीचे वाटत, तर काहींना त्यानंतरच्या युगातील वाटत. वाद मिटण्यास अडचण होती ती साक्षीदारांच्या स्वभावाची. तळ्यातील गोगलगाय आपले तळे सोडून फार दूर जात नाही. नागपूरची गोगलगाय इटलीच्या डोंगरात सापडणार नाही. तिला आपल्या गावची हकीकत ठाऊक असते. जगाचा कालक्रम तिला सांगता येत नाही.

हा कालक्रम कळणे अत्यंत महत्त्वाचे होते. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी पृथ्वीवर मोठा जीवसंहार झाला. पक्ष्यांचे पूर्वज वगळता डायनोसॉर नाहीसे झाले आणि समुद्रातील असंख्य जातीही नष्ट झाल्या. दख्खनचा लाव्हा ह्या संहाराच्या आधी वाहिला, की त्याच वेळी, की नंतर? आधी घडलेली गोष्ट नंतरच्या गोष्टीचे कारण असू शकते. परंतु नंतर घडलेली गोष्ट आधीच्या गोष्टीचे कारण कधीच होऊ शकत नाही. म्हणून ह्या संहारात दख्खनच्या ज्वालामुखीचा वाटा होता की नाही, हे ठरविण्यास प्रथम क्रम ठरविणे अवश्य होते.

ह्या संहाराची खूण समुद्राच्या थरांत फार स्पष्टपणे उमटली आहे. इटलीमध्ये गुब्बिओ नावाचे एक गाव आहे. तेथील चुनखडकात मातीचा एक पातळ पट्टा दिसतो. पट्ट्याच्या खालच्या खडकात तरंगणाऱ्या फोरॅमिनीफेरांची मोठी, नक्षीदार कवचे भरपूर आहेत. पट्ट्याच्या वर ती जवळजवळ सर्व नाहीशी होतात आणि त्यांच्या जागी साधी, अत्यंत सूक्ष्म कवचे दिसू लागतात. ह्यांपैकी एका जातीला गुब्बिओ गावाच्या प्राचीन नावावरून ‘युगुबिना’ हे नाव १९६४ मध्ये देण्यात आले. ही जात संहारानंतर लवकरच उदयास आली आणि दोन-तीन लक्ष वर्षांच्या आतच लोप पावली. पृथ्वीच्या आयुष्यात एवढा काळ म्हणजे क्षणच होय. ज्या थरात युगुबिना आणि तिच्या सोबतिणी आढळतील, तो थर संहारानंतरच्या ह्या थोड्या काळातला होय. ह्याच गुब्बिओच्या पट्ट्यात वॉल्टर अल्वारेझ, त्यांचे वडील लुई अल्वारेझ आणि सहकारी ह्यांना इरिडियम ह्या दुर्मिळ धातूचे अधिक प्रमाण आढळले. त्यावरून पृथ्वीवर एक प्रचंड अशनी आदळला असावा, असे त्यांनी १९८० मध्ये प्रतिपादन केले.

तेव्हा दख्खनच्या लाव्हाचा काळ समुद्राच्या घड्याळावर वाचावयाचा असेल, तर लाव्हा व समुद्र ह्यांची भेट झालेले ठिकाण शोधले पाहिजे. असे एक ठिकाण वैनगंगेच्याच वाटेवर आहे. भंडाऱ्याहून दक्षिणेस वाहणारी वैनगंगा पुढे वर्धेला मिळते. दोघींच्या संगमापासून प्राणहिता हे नाव सुरू होते. प्राणहिता गोदावरीस मिळते आणि गोदावरी आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रवरम शहराजवळून जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. ह्या शहराच्या परिसरातील दगडांच्या खाणींत काळ्या लाव्हाचे थर उघडे पडले आहेत. मुख्य दख्खन ट्रॅपपासून ते फार दूर आहेत. सह्याद्रीच्या बाजूने निघालेला लाव्हा सुमारे एक हजार किलोमीटर प्रवास करून येथवर आला असावा, असे मानले जाते. हा लाव्हाच्या अतिदीर्घ प्रवाहांपैकी एक आहे.

राजमहेंद्रवरमच्या ह्या लाव्हांच्या दोन थरांमध्ये समुद्रात साचलेला चुनखडक आहे. गेर्टा केलर ह्या विदुषीने भारतीय व इतर सहकाऱ्यांसह त्याचा अभ्यास करून २००८ मध्ये तो प्रसिद्ध केला. चुनखडकात संहारानंतरच्या आरंभकाळातील सूक्ष्म कवचे सापडली. ही साक्ष मोलाची होती. वरचा लाव्हा ह्या कवचांनंतर आला, म्हणजे तो निश्चितपणे संहारानंतरचा ठरला. आणि खालचा लाव्हा कवचांच्या आधी आला होता. पुढील वर्षी, २००९ मध्ये, ह्याच प्रकारचा आणखी एक शोध प्रसिद्ध झाला. तो तर भंडाऱ्याच्या पुष्कळ जवळचा होता. छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथील आंतर-ट्रॅपी थरांत बहुतेक भाग जमिनीवर व तळ्यांत साचलेला आहे. परंतु मधल्या एका थोड्या भागात खाऱ्या पाण्यातील जीवांबरोबर तरंगणाऱ्या फोरॅमिनीफेरांची कवचे मिळाली. आजचा समुद्र तेथून शेकडो किलोमीटर दूर आहे! नर्मदा किंवा तापी ह्यांच्या खोऱ्यांतून समुद्राची एक भुजा काही काळ मध्य भारतात आली असावी, असे संशोधकांनी सुचविले. ही वाट कशी होती ह्याविषयी अभ्यासकांत अद्याप चर्चा चालू आहे.

आता राजमहेंद्रवरमच्या साक्षीकडे पुन्हा बारकाईने पाहिले पाहिजे. खालचा लाव्हा कवचांच्या आधीचा, एवढे कवचे सांगतात. परंतु किती आधीचा, हे त्यांना सांगता येत नाही. तो संहारापर्यंतचा असावा, असे २००८ च्या अभ्यासात मानले होते. पुढे इतर संशोधकांनी त्या लाव्हातील किरणोत्सारी द्रव्यापासून झालेल्या आर्गॉन वायूचे मापन केले आणि २०२० मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यानुसार राजमहेंद्रवरम येथे उघडा पडलेला खालचा लाव्हाही संहारानंतरचाच ठरला. फक्त तो फार थोड्या काळानंतरचा होता. कवचांची साक्ष खोटी ठरली नाही. कवचांनी जेवढे पाहिले होते तेवढेच सांगितले होते. त्यावरून पुढचे अनुमान मात्र बदलावे लागले.

आज एवढे निश्चित झाले आहे, की दख्खनचा मुख्य उद्रेक भूशास्त्राच्या मानाने अल्पावधीत, सुमारे दहा लक्ष वर्षांच्या आत झाला, आणि जीवसंहार त्याच कालखंडात घडला. काही लाव्हा त्याच्या आधी आला, काही नंतर. संहाराचे मुख्य कारण अशनीचा आघात की ज्वालामुखी, की दोहोंचा एकत्र परिणाम, ह्याविषयी शास्त्रज्ञ अजूनही विचार करीत आहेत. बहुसंख्य शास्त्रज्ञ अशनीला अधिक महत्त्व देतात. त्या अशनीचे विवर मेक्सिकोत सापडले आहे. परंतु हा वाद कोणत्याही बाजूने सुटला, तरी त्याचा आधार थरांचा क्रमच राहील.

ह्या कवचांचा शोध कसा घेतात, तेही जाणून घेण्यासारखे आहे. मऊ खडकाचे लहान तुकडे करून ते पाण्यात भिजवितात. ते सुटे झाले म्हणजे अत्यंत बारीक जाळीच्या चाळणीवर धुतात. चिकणमाती वाहून जाते व कवचे चाळणीवर उरतात. ती वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पसरतात आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने एक एक कवच उचलून वेगळे करतात. खडक कठीण असेल तर त्याचा काप घासून इतका पातळ करतात की त्यातून प्रकाश आरपार जावा. हे काम दिवसचे दिवस चालते. त्यात घाई करून भागत नाही. एखादे जुने कवच झिजलेल्या खडकातून सुटून नव्या गाळात आलेले असू शकते. जुने नाणे नव्या घराच्या पायात सापडावे, तसेच हे आहे. म्हणून एकाच कवचावर भिस्त न ठेवता थरातील सर्व जाती पाहाव्या लागतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट याहून साधी आहे. नमुना उचलताना तो कोणत्या ठिकाणचा, कोणत्या थरातला आणि किती उंचीवरचा, ह्याची नोंद तेथल्या तेथे करावयाची असते. विहीर खणताना किंवा रस्ता फोडताना एखादा सुंदर जीवाश्म सापडला आणि कोणी तो कौतुकाने घरी नेऊन फळीवर ठेवला, तर त्याचे रूप तेवढे राहते. त्याची साक्ष नाहीशी होते. कोणत्या थरातून तो निघाला, हे पुढे कोणासही सांगता येत नाही. उलट, मोडका-तोडका असला तरी ज्याच्या जागेची नोंद आहे असा जीवाश्म शंभर वर्षांनंतरही अभ्यासकाच्या उपयोगी पडतो. म्हणून असे काही आढळल्यास ते न हलविता शिक्षकांना दाखवावे, जागा लिहून ठेवावी आणि नागपूर येथील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयास कळवावे, हेच योग्य होय.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा.
(अ) काळ सांगणाऱ्या वस्तूच्या अंगी कोणते चार गुण असावे लागतात?
(आ) तेलशोधनाच्या कामी सूक्ष्म कवचे मोठ्या शिंपल्यांपेक्षा अधिक उपयोगी का पडली?
(इ) भंडारा जिल्ह्यातील मँगनीजच्या खडकांचे वय सूक्ष्म कवचांवरून का ठरविता येत नाही?

२. कारणे द्या.
(अ) नागपूरजवळच्या गोगलगायींवरून लाव्हाचा काळ ठरविण्यात अडचण आली.
(आ) राजमहेंद्रवरम येथील वरचा लाव्हा जीवसंहारानंतरचा असे निश्चितपणे म्हणता येते.

३. ‘कवचांची साक्ष खोटी ठरली नाही, अनुमान मात्र बदलावे लागले.’ ह्या वाक्याचे स्पष्टीकरण आठ-दहा ओळींत करा.

४. वैनगंगेच्या पाण्याचा भंडाऱ्यापासून समुद्रापर्यंतचा मार्ग नकाशात दाखवा.

५. आपल्या गावाजवळील विहीर, नाल्याचा काठ किंवा खाण वडीलधाऱ्यांबरोबर जाऊन पाहा. मातीचे व दगडाचे किती थर दिसतात, त्यांचा रंग व जाडी किती आहे, हे वरून खाली क्रमाने वहीत लिहा.